कॅमकॉर्डरमधले एचडी चित्रण लॅपटॉपवरून डिस्कवर: आहे तसेच, न बिघडवता

हाय डेफिनिशन कॅमकॉर्डरमधले चित्रण डिस्कवर घ्यायचे म्हटले की नवखा माणूस आधी कन्व्हर्टर शोधायला लागतो. बहुतेक वेळा नुकसानाची सुरुवात तिथेच होते. २००६ साली सोनी आणि पॅनासोनिक यांनी मिळून कॅमकॉर्डरसाठी एव्हीसीएचडी हा प्रकार आणला, तो ब्लू-रे या एचडी डिस्कच्या साच्यावरच बेतलेला आहे. चित्र एच.२६४ पद्धतीने आवळलेले (कॉम्प्रेस केलेले), आवाज बहुधा डॉल्बी डिजिटलमध्ये, फोल्डरांची मांडणीही ब्लू-रेच्या जवळची. म्हणजे कार्डावर जे आहे ते डिस्कवर जायला जवळजवळ तयारच असते. ते उलगडून पुन्हा आवळण्याची, म्हणजे री-एन्कोड करण्याची गरज सहसा नसते. आणि दर वेळी आवळताना चित्रातला थोडा बारकावा कायमचा जातो. वाऱ्यावर उडणारे केस, पाण्यावरची लहर, झाडाची हलणारी पाने यांचा आधी चिखल होतो.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी एकच प्रश्न विचारत जाणार आहे: इथे चित्र पुन्हा आवळले जाते आहे का? जात असेल, तर ते टाळता येईल का?

आधी ठरवा, डिस्क कशासाठी हवी

‘डिस्क बर्न करायची आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळी कामे दडलेली असतात आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत.

पहिले काम जतनाचे. कार्डावरचे सगळे जसेच्या तसे डिस्कवर ठेवायचे, म्हणजे डेटा डिस्क. ती टीव्हीखालच्या प्लेयरमध्ये चालेलच असे नाही. पण उद्या कुठल्याही संगणकावर मूळ फाइल हाती लागेल. दुसरे काम पाहण्याचे: ब्लू-रे प्लेयरमध्ये सरकवली की पूर्ण एचडीमध्ये सुरू होणारी डिस्क. तिसरे काम वाटण्याचे: ज्यांच्याकडे फक्त साधा डीव्हीडी प्लेयर आहे त्यांच्यासाठी साधी डीव्हीडी.

या तिसऱ्या प्रकारात री-एन्कोड अटळ आहे, कारण डीव्हीडी-व्हिडिओला एमपेग-२ ही आवळण्याची वेगळी पद्धत आणि लहान चौकट लागते. फुल एचडीची एक चौकट १९२० गुणिले १०८० पिक्सेलची, डीव्हीडीची पाल पद्धतीतली ७२० गुणिले ५७६ ची. गुणाकार करून पाहा, डीव्हीडीत बरोबर एक पंचमांश पिक्सेल उरतात. तेव्हा कुणाला द्यायला डीव्हीडी जरूर करा, पण तीच आपली एकमेव प्रत करून मूळ चित्रण पुसू नका. घरोघरी असेच होऊन बसते आणि ते परत मिळवण्याचा उपाय नसतो.

माझे मत विचाराल तर महत्त्वाच्या प्रत्येक चित्रणाच्या निदान दोन डिस्क करा, एक डेटा आणि एक पाहण्याची. पाहण्याची डिस्क हाताळून खराब झाली, तर डेटा डिस्कवरून दुसरी करता येते.

कोणती डिस्क घ्यावी आणि तिच्यात किती मावते

साध्या डीव्हीडीत ४.७ गीगाबाइट, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५०. हे आकडे दशमान हिशेबातले आहेत. विंडोज त्याच २५ ला सुमारे २३.३ आणि ४.७ ला सुमारे ४.३७ असे दाखवते. डिस्क सदोष नसते, मोजण्याची रीत वेगळी असते. फाइलींची बेरीज विंडोजमध्ये पाहत असाल तर हे लहान आकडेच डोक्यात ठेवा.

किती वेळाचे चित्रण मावेल ते बिटरेटवर, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा साठवला जातो त्यावर ठरते. सेकंदाला २४ मेगाबिट या दराने घेतलेल्या एका तासाला १०.८ गीगाबाइट लागतात. १७ मेगाबिटने घेतले असेल तर सुमारे ७.७. त्यामुळे २५ गीगाबाइटच्या ब्लू-रेवर वरच्या दर्जाचे दोन तासांहून थोडे अधिक चित्रण बसते, मधल्या दर्जाचे सव्वातीन तास. डिस्क काठोकाठ भरू नका. लिहिणे आतल्या कडेकडून बाहेर जाते आणि चुका बाहेरच्या कडेला जास्त आढळतात. पाच टक्के जागा मोकळी सोडली तर तोटा काहीच नाही.

ब्लू-रे बर्नर नसेल तर एक मधली वाट आहे. साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी पद्धतीने खरे एचडी चित्रण लिहिता येते. तिला एव्हीसीएचडी डिस्क म्हणतात. दिसायला ती डीव्हीडीच, पण आतली मांडणी ब्लू-रेसारखी. ती फक्त त्या ब्लू-रे प्लेयरवर चालते ज्याच्यावर एव्हीसीएचडीची खूण आहे. साधा डीव्हीडी प्लेयर तिला ओळखत नाही. दुसरी अट बिटरेटची. डीव्हीडीवर लिहिताना सेकंदाला १८ मेगाबिटच्या आत राहावे लागते. कॅमेऱ्यावर २४ मेगाबिटचा सर्वात वरचा दर्जा लावून चित्रण केले असेल तर ते या डिस्कवर नियमात बसत नाही, प्लेयर अडखळतो. १७ मेगाबिटचे चित्रण मात्र छान बसते, एका डिस्कवर सुमारे पस्तीस मिनिटे. छोट्या कार्यक्रमाला तेवढे पुरते.

पहिल्यांदाच करत असाल तर एक पुन्हा लिहिता येणारी डिस्क, म्हणजे बीडी-आरई किंवा डीव्हीडी-आरडब्ल्यू, सरावासाठी घ्या. चुकले की पुसा आणि पुन्हा लिहा. हात बसला की मग बीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क वापरा. बीडी-आरमध्येही दोन जाती आहेत. नेहमीच्या डिस्कचा थर अजैविक पदार्थाचा असतो. वेष्टनावर एलटीएच असे लिहिलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य असते आणि ते उजेड-उष्णतेला जास्त हळवे असते. जतनासाठी एलटीएच टाळावी. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणे थांबवले. इतर कंपन्यांच्या मिळतात. पण जुने चित्रण डिस्कवर घेण्याचे काम मनात असेल, तर ते वर्षानुवर्षे पुढे ढकलू नये असे मला मनापासून वाटते.

लॅपटॉपची तयारी

आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह नसतो, तेव्हा यूएसबीने जोडायचा बाहेरचा बर्नर लागतो. घेताना नीट पाहा, ‘ब्लू-रे वाचतो’ आणि ‘ब्लू-रे लिहितो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही ड्राइव्ह ब्लू-रे वाचतात पण लिहितात फक्त डीव्हीडी.

बाहेरच्या पातळ बर्नरचे निम्मे आजार विजेचे असतात. यूएसबी २ चे पोर्ट नियमाप्रमाणे अर्धा अँपिअर देते, यूएसबी ३ चे ०.९ अँपिअर. लिहिताना लेझरला आणि मोटारीला लागणारी वीज कधी कधी याच्याही वर जाते. मग डिस्क सत्तर टक्क्यांवर अडकते आणि आपण डिस्कला दोष देत बसतो. बर्नर थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, मध्ये हब नको. बर्नरबरोबर दोन तोंडांची केबल आली असेल तर दोन्ही तोंडे लावा. वेगळा अडॅप्टर लावायची सोय असेल तर तो लावा.

लॅपटॉप चार्जरवर ठेवा. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लीप बंद करा, झाकण मिटल्यावर काय व्हावे तेही पाहून घ्या. मोकळी जागा चित्रणाच्या तिप्पट धरा: वीस गीगाबाइट चित्रण असेल तर वीस मूळ प्रतीला, वीस तयार झालेल्या डिस्क-फोल्डरला आणि इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) करायची झाली तर आणखी वीस. बाहेरच्या हार्ड डिस्कवर काम करणार असाल तर ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही ना, हे बघा. फॅट३२ वर चार गीगाबाइटहून मोठी फाइल बसतच नाही. विंडोजवर एनटीएफएस किंवा दोन्हीकडे चालणारे एक्सफॅट बरे.

कार्ड उतरवणे: संपूर्ण मांडणीसकट

ही पायरी मी जरा सावकाश सांगतो, कारण सगळ्यात जास्त चित्रण इथे हरवते.

कार्ड उघडले की ‘प्रायव्हेट’ नावाचे फोल्डर दिसते. त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’, आणि त्यात ‘स्ट्रीम’. या ‘स्ट्रीम’मध्ये शून्यांच्या आकड्यांची नावे असलेल्या एमटीएस फाइली असतात. हेच चित्रण, असे समजून नवखा माणूस तेवढ्याच फाइली उचलतो. शेजारी ‘प्लेलिस्ट’ आणि ‘क्लिपइन्फ’ ही दोन फोल्डरे असतात. ती आकाराने क्षुल्लक असतात, म्हणून ती मागे राहतात.

त्यांचे महत्त्व लांब चित्रणात कळते. कार्डाच्या फाइल पद्धतीमुळे कॅमेरा एक मोठी फाइल बनवू शकत नाही. दोन किंवा चार गीगाबाइट झाले की तो पुढची फाइल सुरू करतो. एका तासाचे अखंड भाषण तीन-चार तुकड्यांत पडलेले असते. कुठल्या तुकड्याला कुठला तुकडा जोडायचा याची नोंद त्या छोट्या फोल्डरांत असते. फक्त एमटीएस फाइली एकामागोमाग एडिटरमध्ये मांडल्या की सांध्यावर क्षणभर आवाज तुटतो. माझ्याकडे एका मुलाखतीत असे झाले होते. बोलणाऱ्या व्यक्तीने एका गावाचे नाव घेतले आणि नेमके ते नाव सांध्यात गेले. पूर्ण कार्डाची प्रत ठेवली होती म्हणून ते परत मिळाले.

तेव्हा रीत अशी. लॅपटॉपवर तारीख आणि प्रसंगाच्या नावाचे एक फोल्डर करा. त्यात ‘प्रायव्हेट’ संपूर्ण, आतले काहीही न हलवता, न बदलता कॉपी करा. कार्डावर शेजारी ‘एमपी_रूट’ किंवा ‘डीसीआयएम’ दिसली तर तीही घ्या. एमपी४ क्लिपा आणि फोटो तिथे असतात. मॅकवर ‘एव्हीसीएचडी’ हे फोल्डर एकाच बंद गठ्ठ्यासारखे दिसते. घाबरू नका, तो गठ्ठा तसाच उचलला की आतले सगळे येते.

कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरांचा आकार आणि फाइलींची संख्या ताडून बघा. मग जोडणीसाठी कॅमेऱ्याबरोबर आलेला प्रोग्रॅम वापरा. सोनीचा प्लेमेमरीज होम, पॅनासोनिकचा एचडी रायटर अशांसारखे प्रोग्रॅम कार्डाची मांडणी वाचून तुकडे आवाजासकट अचूक जोडतात. चित्र पुन्हा आवळत नाहीत. नव्या एडिटरांच्या झगमगाटात लोक हे साधे प्रोग्रॅम विसरतात, पण या एका कामात ते फार भरवशाचे आहेत.

कार्ड अजून पुसायचे नाही.

फाइलच्या आत काय आहे ते पाहणे

मीडियाइन्फो नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि त्यात एक क्लिप टाका. चार गोष्टी टिपून ठेवा: चौकटीचा आकार, सेकंदाला चौकटी किती, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चौकटी, म्हणजे फील्ड) की प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चौकटी), आणि बिटरेट.

१९२० किंवा १४४० गुणिले १०८०, इंटरलेस्ड, ५० किंवा ६० फील्ड असे दिसले तर उत्तम. ब्लू-रेला हे सगळे चालते. २०११ साली आलेल्या एव्हीसीएचडीच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चौकटींचे, २८ मेगाबिटपर्यंतचे १०८० चित्रण आले. मेन्यूत त्याला पीएस किंवा ‘५०पी’, ‘६०पी’ असे म्हणतात. हे साध्या ब्लू-रेच्या नियमात नाही. काही प्लेयर ते चालवतात, काही काळा पडदा दाखवतात. तुमच्या फाइली या प्रकारच्या असतील तर जतनाची डेटा डिस्क करा, आणि पाहण्याच्या डिस्कसाठी १०८० इंटरलेस्ड किंवा ७२० प्रोग्रेसिव्हमध्ये एकदाच रूपांतर करा. इथे री-एन्कोड मान्य करावे लागते. पुढच्या चित्रणाला डिस्कच करायची आहे हे आधीच माहीत असेल तर कॅमेऱ्यावरच इंटरलेस्ड दर्जा लावणे सोयीचे.

४के चित्रणाबद्दल थोडक्यात. अल्ट्रा एचडी ब्लू-रे हा प्रकार २०१६ साली बाजारात आला, पण तो मुख्यतः स्टुडिओंच्या छापील डिस्कसाठी आहे. घरच्या ४के फाइली डेटा डिस्कवर जशाच्या तशा ठेवा आणि पाहण्यासाठी १०८० ची प्रत काढा.

निवड आणि काटछाट

इथे मोह आवरा. एच.२६४ मध्ये प्रत्येक चौकट पूर्ण साठवलेली नसते. एक पूर्ण चौकट, तिला की-फ्रेम म्हणतात, आणि तिच्या मागे फक्त बदल नोंदवणाऱ्या चौकटींची माळ. ही माळ कॅमकॉर्डरमध्ये साधारण अर्ध्या सेकंदाची असते. की-फ्रेमवर कापले तर चित्र पुन्हा आवळावे लागत नाही. मध्येच कापले तर लागते. लॉसलेसकटसारखा मोफत प्रोग्रॅम की-फ्रेमवर कापतो. अर्धा सेकंद इकडेतिकडे चालत असेल, आणि घरगुती चित्रणात ते जवळजवळ नेहमी चालते, तर तेवढेच करा.

शीर्षक, पार्श्वसंगीत, एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळणे हे सगळे हवे असेल तर एडिटर लागेल आणि त्याबरोबर री-एन्कोडही. शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळतात, पण एमटीएस फाइली सगळ्या आवृत्त्यांत सारख्या चालत नाहीत; आधी एक क्लिप टाकून चित्र आणि आवाज दोन्ही येतात का ते तपासा. बाहेर काढताना चौकटीचा दर मूळ तोच ठेवा. ५० चे ६० करू नका, हालचालीत झटके येतात. बिटरेट मूळच्या बरोबरीचा किंवा थोडा वरचा द्या. आणि हे एकदाच करा: एडिट केलेल्या फाइलीतून पुन्हा एडिट करू नये, दर वेळी मुळाकडे जावे.

ब्लू-रे फोल्डर बनवणे

आता चित्रण आणि डिस्क यांच्यामधली मुख्य पायरी. एमटीएस फाइल डिस्कवर नुसती टाकली तर ती डेटा डिस्क होते. प्लेयरला ‘सुरू कर’ असे कळायला ब्लू-रेची मांडणी लागते. टीएस-मक्सर हा मोफत प्रोग्रॅम ती मांडणी बनवतो आणि चित्राला हात लावत नाही. फक्त नव्या डब्यात ठेवतो.

प्रोग्रॅम उघडा. पहिली फाइल ‘ॲड’ने आणा. तिच्यामागे लागणाऱ्या पुढच्या फाइली ‘ॲड’ने नाही तर ‘जॉइन’ने जोडा. एका डिस्कवर जोडायच्या सगळ्या क्लिपा एकाच दर्जाच्या असाव्यात. २४ आणि १७ मेगाबिटच्या क्लिपा एका माळेत घातल्या तर प्लेयर अडखळू शकतो. खालच्या बाजूला डिस्कचा प्रकार निवडा: ब्लू-रे डिस्कसाठी ब्लू-रे, डीव्हीडीवर लिहायचे असेल तर एव्हीसीएचडी. ब्लू-रेच्या टॅबमध्ये ठरावीक मिनिटांनी चॅप्टर टाकायची सोय आहे. पाच मिनिटांचे अंतर ठीक, नाहीतर दोन तासांच्या डिस्कवर एखादा प्रसंग शोधताना अंगठा दुखतो. मग फोल्डर निवडा आणि सुरू करा.

काम किती वेळात होते यावरून एक गोष्ट ओळखता येते. वीस गीगाबाइटचे हे काम हार्ड डिस्कच्या वेगाने, काही मिनिटांत संपायला हवे. तास-दीड तास लागत असेल, पंखा जोरात फिरत असेल, तर तुम्ही वापरत असलेला प्रोग्रॅम चित्र पुन्हा आवळतो आहे. थांबवा आणि सेटिंग पाहा. मल्टीएव्हीसीएचडी हाही मोफत प्रोग्रॅम आहे आणि त्यात मेन्यूही करता येतो. मेन्यू नसला तरी डिस्क सरकवली की थेट चित्रण सुरू होते, आणि वयस्कर माणसांना तेच सोपे जाते असा माझा अनुभव आहे.

शेवटी फोल्डरात ‘बीडीएमव्ही’ आणि ‘सर्टिफिकेट’ अशी दोन फोल्डरे तयार होतात. दुसरे रिकामे दिसेल, तरी काढून टाकू नका. लिहिण्याआधी व्हीएलसीमध्ये आतली मोठी एमटूटीएस फाइल उघडून सांधे ऐकून घ्या.

डिस्क लिहिणे

विंडोजवर इमेजबर्न हा जुना मोफत प्रोग्रॅम अजून चांगला चालतो. २०१३ ची आवृत्ती शेवटची आहे, पण या कामाला ती पुरते. इंटरनेटवरून तो उतरवताना सोबत इतर काही गळ्यात मारले जात असेल तर त्या खुणा काढून टाका. लिनक्सवर के३बी आहे.

फाइली आणि फोल्डर डिस्कवर लिहिण्याचा पर्याय निवडा. नवख्यांची सर्वात ठरलेली चूक आता होते. ‘बीडीएमव्ही’ आणि ‘सर्टिफिकेट’ ही दोन फोल्डरे डिस्कच्या मुळाशीच, म्हणजे सर्वात वरच्या पातळीवर हवीत. ‘सहल’ नावाच्या फोल्डरात ती ठेवून ‘सहल’ लिहिले, तर संगणकावर सगळे दिसते आणि प्लेयर म्हणतो, डिस्क वाचता येत नाही.

फाइल पद्धत यूडीएफ २.५० असावी. इमेजबर्नला ‘बीडीएमव्ही’ दिसले की बहुधा तो स्वतःच ही सेटिंग सुचवतो, ‘हो’ म्हणा. लिहिल्यावर पडताळणी करण्याची, म्हणजे व्हेरिफायची खूण केलेली आहे ना, ते पाहा.

वेग किती ठेवावा, यावर मते अनेक आहेत. सर्वात कमी वेग सर्वात चांगला, हा समज सरसकट खरा नाही. डिस्क ज्या वेगांसाठी बनवलेली असते त्यांतला मधला वेग चांगला लागू पडतो. वेष्टनावर सहापट वेग लिहिलेल्या बीडी-आरला चौपट द्या. ब्लू-रेचा एकपट वेग म्हणजे सेकंदाला ४.५ मेगाबाइट, २५ गीगाबाइटला एकपटीने दीड तास, दुपटीने पाऊण तास, चौपटीने पंचवीस मिनिटांच्या आत. पडताळणीचा वेळ वेगळा. बीडी-आरईवर बहुतेक ड्राइव्ह लिहितानाच तपासत जातात, म्हणून तिथे वेळ जवळपास दुप्पट लागतो. ड्राइव्ह बिघडला असे समजू नका.

लिहीत असताना लॅपटॉप हलवू नका. मांडीवर तर नकोच.

साधी डीव्हीडी करायची असेल तर

डीव्हीडीस्टायलर या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिपा टाका, मेन्यू सजवा, तो एमपेग-२ करून देतो. एका तासापर्यंतच्या चित्रणाला सेकंदाला ८ ते ९ मेगाबिट द्या. दोन तास बसवायचे तर एकूण पाचच्या आसपास यावे लागते आणि फरक डोळ्यांना दिसतो. दोन तासांसाठी दोन डिस्क कराव्यात, हे मी आग्रहाने सांगतो.

एक गोष्ट जपा: फील्डचा क्रम. एचडी कॅमकॉर्डरच्या इंटरलेस्ड चित्रात वरचे फील्ड आधी येते. जुन्या डीव्ही टेपांच्या काळातल्या काही सेटिंगमध्ये खालचे आधी असते. क्रम उलटा पडला की चालणारा माणूस पुढे-मागे थरथरत चालल्यासारखा दिसतो. लॅपटॉपच्या पडद्यावर हे अनेकदा कळतच नाही, टीव्हीवरच कळते. शंका आली तर एका मिनिटाची हालचालीची क्लिप डीव्हीडी-आरडब्ल्यूवर लिहून टीव्हीवर पाहा.

टेपवर चित्रण असेल तर

एचडीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रण मिनीडीव्ही कॅसेटवर असते: एमपेग-२, १४४० गुणिले १०८०, सेकंदाला २५ मेगाबिट. ते फायरवायर केबलने प्रत्यक्ष वेळेतच उतरते, एका तासाच्या टेपला एक तास. केबल लावताना-काढताना कॅमेरा बंद ठेवा. एमपेग-२ मधली १४४० ची चौकट ब्लू-रेच्या नियमात बसत नाही, म्हणून प्लेयर ती चालवेलच असे नाही; आधी सरावाच्या डिस्कवर पाहून घ्या. आवाजही एमपेगमधून डॉल्बी डिजिटलमध्ये बदलावा लागतो. आवाज बदलताना चित्राला धक्का लागत नाही. टेप जुनी असेल तर हे काम यादीत सगळ्यात वर घ्या.

तपासणी आणि ठेवण

पडताळणी यशस्वी झाली म्हणजे डिस्कवरचे आकडे बरोबर आहेत. प्लेयरला ते आवडले आहेत का, हे प्लेयरमध्येच कळते. सुरुवात पाहा, मग थेट शेवटच्या पाच मिनिटांवर जा. बाहेरच्या कडेचे दोष तिथेच भेटतात. दोन थरांची डिस्क असेल तर मध्यावर, थर बदलतो त्या भागातही दोन मिनिटे थांबा. जमल्यास दुसऱ्या एखाद्या प्लेयरमध्येही लावून पाहा.

डिस्कवर चिकटपट्टी किंवा लेबल लावू नका. तोल जातो आणि वाचताना डिस्क थरथरते. डिस्कसाठीच्या मऊ टोकाच्या पेनने वरच्या बाजूला तारीख, प्रसंग आणि ‘डेटा’ किंवा ‘ब्लू-रे’ एवढे लिहा. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर खालच्या पृष्ठापासून अवघा ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६. वर कठीण लेप असतो, पण डिस्क कडेने धरण्याची सवय ठेवा. डबीत उभी, उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा. वर्षातून एकदा डेटा डिस्कवरच्या सगळ्या फाइली लॅपटॉपवर कॉपी करून पाहा. कुठे अडखळली तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच नवी करा. या दोन डिस्कांखेरीज एक प्रत हार्ड डिस्कवरही असू द्या, आणि ती डिस्कांच्या त्याच कपाटात नको.

हे सगळे झाले, दोन्ही डिस्क चालल्या, हार्ड डिस्कवरची प्रत उघडून पाहिली, की मग कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि कॅमेऱ्याच्याच मेन्यूतून फॉरमॅट करा. लॅपटॉपवरून पुसू नका, नाहीतर कॅमेऱ्याला हवी असलेली फोल्डरांची मांडणी बिघडते आणि पुढच्या चित्रणाच्या वेळी तो कार्ड नाकारू शकतो.